‘शोधु’ : आठवणीची साक्ष काढताना

परभणी जिल्ह्याचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाजवळचे कागद लवकर संपतात. निजामी राजवटीतले दप्तर उर्दू-फारसीत आणि जुन्या वतनदार घराण्यांतले मोडीत. ते वाचता आले तरी त्यांत सारा असतो, वतनाचे तंटे असतात, जमिनीच्या चतुःसीमा असतात. जात्यावर दळणारी बाई, सालगडी, गावकुसाबाहेरचा माणूस त्यांत क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर नावापुरता. त्यामुळे माझ्यासारख्या, इतिहासाचे रीतसर शिक्षण न झालेल्या संशोधकाला शेवटी कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसावे लागते आणि विचारावे लागते, ‘काय आठवतं, सांगा.’

वीसेक वर्षे हेच करतो आहे. या काळात एक प्रश्न सतत सोबत राहिला. सांगणारा मनापासून सांगतो, पण त्यातले खरे किती धरायचे? आठवण हा पुरावा आहे का, आणि असेल तर कशाचा?

एक उदाहरण देतो. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. ही बातमी गावात कशी पोचली, असे दुधनाकाठच्या एका गावात मी तिघांना वेगवेगळे गाठून विचारले. एकाच्या आठवणीत त्या दिवशी पाऊस कोसळत होता. दुसऱ्याच्या आठवणीत कडक ऊन होते आणि डोक्यावरून विमान गेले होते. तिसऱ्यांनी सर्वांत तपशीलवार सांगितले : वडिलांनी पोरांना कुठे लपवले, आईने कणगीत काय दडवले, वेशीकडून कोण ओरडत आले. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. हे तिसरे गृहस्थ त्या वेळी पाळण्यात होते, हे नंतर त्यांच्याच थोरल्या भावाकडून कळले.

ते खोटे बोलत नव्हते. आईच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेले त्यांच्या डोळ्यांसमोर इतके स्पष्ट उभे होते की ऐकलेले आणि पाहिलेले यांतली रेघच पुसली गेली होती. ही रेघ कशी पुसली जाते, हे समजून घेण्यासाठी मला मानसशास्त्राची पुस्तके उघडावी लागली.

आठवण साठते कशी?

शास्त्रज्ञ आठवणीचे तीन टप्पे मानतात. अनुभव आत घेताना मन त्याला काही रूप देते, ते संकेतन. ते टिकवून धरणे ही साठवण. आणि हवे तेव्हा बाहेर काढणे म्हणजे प्रत्यानयन. १९६८ मध्ये ॲटकिन्सन आणि शिफ्रिन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याचा एक आराखडा मांडला. डोळ्या-कानांवर क्षणभर उमटणारा ठसा ही पहिली पायरी, थोडा वेळ मनात घोळणारी अल्पकालीन स्मृती ही दुसरी आणि दीर्घकालीन स्मृती ही तिसरी. मधली पायरी फार अरुंद आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ च्या निबंधात तिची मर्यादा सात, अधिक-उणे दोन गोष्टी, इतकी सांगितली होती. ज्याकडे लक्ष गेले आणि जे घोळवले गेले, त्याचाच पुढे जाण्याचा संभव अधिक.

साठवलेलेही टिकतेच असे नाही. जर्मनीत हेर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख छापला. अर्थहीन अक्षरे पाठ करायची, काही काळाने तीच पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्यांदा किती श्रम वाचले ते मोजायचे, अशी त्यांची रीत होती. एका दिवसाने बचत सुमारे एक तृतीयांशावर आली आणि महिन्याने सुमारे एक पंचमांशावर. म्हणजे विसरण्याचा वेग आरंभी भयंकर असतो आणि पुढे मंदावतो. पहिल्या पडझडीतून जे वाचते ते बरेच टिकते.

पण इतिहासाच्या दृष्टीने मला मोलाचे वाटले ते केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचे १९३२ चे काम. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि काही काळाने, पुन्हा काही काळाने, आठवून लिहायला सांगितली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली आणि अधिकाधिक इंग्रजी होत गेली. अनोळखी डोंग्या जाऊन तिथे ओळखीच्या बोटी आल्या. जे समजत नव्हते ते गळाले किंवा त्याला पटेल असे कारण चिकटले. बार्टलेट यांचा निष्कर्ष असा की आठवताना माणूस मनातल्या कपाटातून जुनी वस्तू जशीच्या तशी काढत नाही. हाती उरलेल्या चार तुकड्यांवरून तो ती नव्याने घडवतो.

दुधनाकाठच्या त्या गृहस्थांचे कोडे इथे उलगडले. प्रसंग, आईचा आवाज आणि स्वतःचे घर एवढे साहित्य हाताशी असल्यावर मनाने चित्र पूर्ण केले. ते कुठून आले याची चिठ्ठी तेवढी गळून पडली. कारण काय आठवते आणि ते कुठून कळले, या दोन गोष्टी मन वेगवेगळ्या धरते आणि दुसरी फार लवकर सोडते.

रिद्धपूरची पद्धत

आता आठवण जर दर वेळी नव्याने घडत असेल, तर तिच्यावर इतिहास उभा करायचा कसा? याचे उत्तर देणारा पहिला मराठी माणूस परभणीपासून दूर, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, सातशे वर्षांपूर्वी बसला होता. त्याचे नाव म्हाइंभट.

श्रीचक्रधरस्वामी उत्तरेला निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमले. आचार्य नागदेव, म्हणजे भटोबास, स्वामींच्या लीळांचे सतत स्मरण करीत. आज ना उद्या ही माणसे जातील आणि त्यांच्याबरोबर आठवणीही जातील, हे म्हाइंभटांनी ओळखले. त्यांनी भटोबासांना विचारून लीळा टिपल्या. जी लीळा भटोबासांनी स्वतः पाहिली नव्हती, तिच्यासाठी ती पाहिलेल्या माणसाचा शोध घेतला. शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, एवढे आपण शाळेत शिकतो. तो माणसांच्या साक्षी काढून लिहिलेला ग्रंथ आहे, हे मात्र शाळेत फारसे कोणी सांगत नाही.

यापुढची हकीकत अधिक विलक्षण आहे. महानुभाव परंपरा सांगते की मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि ग्रंथ पुन्हा आठवणीतून उभा करावा लागला. तो ज्यांना मुखोद्गत होता त्यांत हिराइसा ही एकपाठी म्हणून ख्यात असलेली स्त्री होती. तिचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे वेगवेगळे पाठ झाले. सगळे जुळेनात. अशा वेळी कोणीही एक पाठ खरा ठरवून बाकीचे बुडवले असते. या मंडळींनी तसे केले नाही. लीळेच्या मजकुरात जिथे फरक होता तिथे ‘शोधु’ असा शब्द घालून दुसरी हकीकत नोंदवली, अमक्याच्या सांगण्यात असे आहे म्हणून त्याचे नावही ठेवले. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून संपादित केलेली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढलेली प्रत चाळली तर हे पानोपानी दिसते.

या पाठभेदाला महानुभावांचा एक शब्द आहे, ‘वासना’. अमक्याची वासना म्हणजे अमक्याच्या आठवणीतला पाठ. भारतीय दर्शनांत वासना म्हणजे अनुभव गेल्यावर चित्तावर मागे राहणारा ठसा. ज्यांनी ग्रंथाच्या पाठभेदाला मनावरच्या ठशाचे नाव दिले, त्यांना प्रत्येकाचा ठसा वेगळा असतो हे पक्के ठाऊक होते. बार्टलेट यांच्या कितीतरी आधी रिद्धपूरकरांनी आठवणीचा हा स्वभाव ओळखला आणि त्यावर एक साधा उपाय काढला : जुळवाजुळव करायची नाही, आणि सांगणाऱ्याचे नाव सोडायचे नाही.

आणखी एक गोष्ट. केशिराजबासांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार केला तेव्हा भटोबासांनी त्यांना अडवले, कारण त्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, अशी आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. ज्या बायका आठवणी जपत होत्या, त्यांना त्या परत वाचून-ऐकून तपासता याव्यात, असाही या आग्रहाचा एक अर्थ मला दिसतो.

हाताला आठवते ते

लीळा पोथीत गेल्या. पोथीत कधीच न गेलेली आठवण परभणी जिल्ह्यात जात्याभोवती होती. संत जनाबाईंचे गाव म्हणून गंगाखेड प्रसिद्ध आहे, आणि जनीला दळू लागणारा विठ्ठल गोदाकाठच्या बायकांच्या ओव्यांतून आजही फिरतो. या ओव्यांकडे अभ्यासकांचे लक्ष तसे जुनेच. साने गुरुजींनी त्या गोळा करून छापल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर काम करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या चमूने १९९० च्या दशकात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसलाही ध्वनिमुद्रण केले होते.

ओवी आठवण्याची तऱ्हा वेगळी आहे. गोदाकाठच्या एका गावात ऐंशी ओलांडलेल्या मावशींना मी खुर्चीवर बसवून ओव्या विचारल्या. दोन झाल्या आणि थांबल्या. ‘न्हाई येत बाबा आता ध्यानात,’ म्हणाल्या. सुनेने अडगळीतले जाते पुसून आणले, मूठभर ज्वारी घातली. मावशींनी खुंट्याला हात लावला, दोन फेरे झाले आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी सुरू झाली. त्या सकाळी मी छत्तीस ओव्या टिपल्या.

यामागे दोन गोष्टी आहेत. ज्या परिस्थितीत आठवण आत गेली, त्या परिस्थितीची खूण पुन्हा मिळाली की ती सहज बाहेर येते. एंडेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी हे तत्त्व १९७३ मध्ये मांडले. पहाटेचा गारवा, दगडाची घरघर, समोर बसलेली जाऊ किंवा नणंद, हे सारे त्या ओवीबरोबरच साठलेले असते. दुसरी गोष्ट म्हणजे स्मृतीचे प्रकार. आपल्यावर गुदरलेला प्रसंग आठवणे ही प्रसंगस्मृती आणि परभणी गोदावरीच्या खोऱ्यात आहे हे माहीत असणे ही अर्थस्मृती, हा भेद टुल्व्हिंग यांनीच १९७२ मध्ये केला. तिसरी स्मृती कौशल्याची. सायकल चालवणे, भाकरी थापणे, जाते ओढणे हे शब्दांत सांगता येत नाही, पण हात विसरत नाही.

ही तिसरी स्मृती निराळी आहे, हे वैद्यकशास्त्राला एका रुग्णाने दाखवून दिले. हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणाच्या मेंदूवर १९५३ मध्ये अपस्मार थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवे काही लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोजच्या सरावाने त्याचा हात सुधारत गेला, पण हे आपण पूर्वी कधी केले आहे, हे त्याला एकदाही आठवले नाही. हाताला आठवत होते, त्याला आठवत नव्हते.

ओवीत शब्द हाताच्या आठवणीवर स्वार होतात. डेव्हिड रुबिन यांनी १९९५ च्या ग्रंथात दाखवले आहे की मौखिक परंपरेत लय, यमक आणि चित्र यांनी मिळून पुढच्या शब्दासाठी जागा इतकी अरुंद होते की चुकायला वाव फार कमी उरतो. तरीही ओवी वेदपाठासारखी अक्षरबद्ध नाही. वेद राखणाऱ्यांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे शब्द उलटसुलट म्हणण्याचे बंध घातले, म्हणजे एक अक्षर हलले तरी सापडावे. ओवी हलू देते. या गावात भावाचे नाव एक, त्या गावात दुसरे. इथे गोदावरी, तिथे पूर्णा. साचा टिकतो आणि त्यात प्रत्येक बाई आपले माहेर भरते. म्हणून ओवीतून तारीख विचारू नये. बाईला काय सोसावे लागले आणि ते कोणाजवळ बोलता येत होते, हे विचारावे. त्याची तिच्याइतकी खात्रीची साक्ष दुसरी नाही.

पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दोन तास बाईला परत मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण त्याबरोबर आठवणीला जागे करणारा खुंटाही हातातून सुटला. जात्यावर दळलेल्या पिढीतल्या बायका आता मोजक्याच उरल्या आहेत.

सालांचे खुंटे

तारखांचे काय करायचे? आमच्याकडच्या जुन्या माणसाला साल विचारले तर तो आकडा सांगत नाही. ‘रझाकाराच्या वक्ताला मी गुरं राखीत होतो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरली कडेवर होती’, ‘किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी म्हातारा गेला’, असे तो सांगतो. शहरातल्या माणसाला हे अडाणीपणाचे वाटते. वास्तविक ही उत्तम शास्त्रीय पद्धत आहे. माणसाला गेलेले प्रसंग आहेत त्यापेक्षा अलीकडचे वाटतात, ही आठवणीची जुनी खोड आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर यांनी १९८३ मध्ये दाखवले की ‘गेल्या सहा महिन्यांत’ असे विचारण्याऐवजी ज्वालामुखीच्या एका गाजलेल्या उद्रेकापासून मोजायला सांगितले की ही चूक कमी होते. आमचा म्हातारा दुष्काळाचा खुंटा धरून तेच करतो.

हे खुंटे कागदाशी जोडता येतात. हैदराबाद संस्थानाच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो, कारण फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये बदलत असे. पोलीस ॲक्शन फसली १३५७ च्या अगदी अखेरीस झाली. एखादी आजी ‘माझं लग्न ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात’ म्हणाली आणि घरात १३५७ ची एखादी पावती निघाली, तर त्या दोघी एकमेकींना आधार देतात.

दोन गल्ल्या

सर्वांत अवघड भाग शेवटी ठेवला आहे. विसरणे हे दर वेळी मेंदूचे काम नसते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्येच सांगितले होते की आपण माणसांच्या गटात बसून आठवतो, आणि गट ज्याबद्दल बोलत नाही ते हळूहळू विरते.

१९४८ बद्दल विचारत फिरताना हे मला गावोगाव दिसले. एका गल्लीत रझाकारांची धाड, जळालेल्या गंजी, कॅम्पात गेलेले काका यांच्या हकीकती मिळतात. त्या खऱ्या आहेत. दुसऱ्या गल्लीत सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांच्या हकीकती मिळतात : रझाकारांशी काडीचा संबंध नसलेला बाप परत आला नाही, घर सोडून रातोरात जावे लागले. त्याही खऱ्या आहेत. भारत सरकारच्या सांगण्यावरून संस्थानात फिरलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आमच्या शेजारचे नांदेडही सांगितले. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. पहिल्या गल्लीच्या आठवणींना दर १७ सप्टेंबरला ध्वजवंदन मिळाले. दुसऱ्या गल्लीच्या आठवणी दार लावून, हळू आवाजात सांगितल्या गेल्या.

याचा परिणाम आठवणींवर होतो. वारंवार सांगितली गेलेली आठवण गुळगुळीत होते. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या वर्षात तर मला जाणवले की काही वृद्ध त्यांनी पूर्वी मला सांगितलेले सोडून व्यासपीठावर ऐकलेले सांगू लागले आहेत. न सांगितलेली आठवण उलट खडबडीत राहते, तिच्यात खाचा असतात, आणि ती सांगणाऱ्याबरोबर जाते. पुढच्या पिढीच्या हाती मग एक गुळगुळीत गोष्ट आणि एक पोकळी एवढेच उरते. गावात दोन समाज शेजारी राहतात आणि एकमेकांचा इतिहास त्यांना ठाऊक नसतो. अशा पोकळीत काय भरले जाते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

दोन्ही गल्ल्यांतले एक खरे ठरवून दुसरे खोडायचे, किंवा दोहोंची सरासरी काढून कोणालाच न दुखवणारी तिसरी गोष्ट रचायची, असे दोनच मार्ग आपल्याला सुचतात. रिद्धपूरकरांचा मार्ग तिसरा होता. पहिली हकीकत लिहायची, खाली ‘शोधु’ घालून दुसरी लिहायची, दोघांची नावे ठेवायची आणि वाचणाऱ्यावर विश्वास टाकायचा.

माझ्या वह्यांत आता प्रत्येक हकीकतीच्या माथ्यावर पाच रकाने असतात. कोणी सांगितले, स्वतः पाहिले की ऐकले, आणि ऐकले तर कोणाकडून, तेव्हा वय काय होते, सांगताना जवळ कोण बसले होते, आणि पूर्वी सांगितले असेल तर तेव्हा काय सांगितले होते. चौथा रकाना मी बराच उशिरा घातला, पण तो फार कामाचा ठरला. मुलगा समोर असताना आणि नसताना तीच माणसे वेगळे सांगतात. ज्यांना नाव उघड करायचे नसते त्यांचे नाव मी वहीत ठेवतो, छापत नाही. नंतरच्या अभ्यासकाला उपयोगी पडतील त्या वह्या एवढ्याचसाठी पडतील की त्यांत मी कुठे जुळवाजुळव केलेली नाही.

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका सत्तरीत आहेत. दिवाळीला घरी माणसे जमतात, तेव्हा त्यांच्यापाशी बसायला वेळ असतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सोपे झाले आहे, पण त्याच्या आधी दोन मिनिटे देऊन कोण, कधी, कोणासमोर सांगत आहे हे बोलून घ्यावे. आजी अडखळली तर तिला शब्द पुरवू नये. तिच्या हातात जाते, पाटा, गोधडीची सुई, जे तिचे असेल ते द्यावे आणि थांबावे. आणि तिच्या धाकट्या बहिणीची हकीकत वेगळी निघाली तर दोघींचे भांडण मिटवायला जाऊ नये. दोन्ही लिहून घ्याव्यात.